ब्लू पिलवर सीरियल चालतं, जॉयस्टिक बरळते: दोष कुठे शोधायचा

आधी प्रश्न थोडक्यात. ब्लू पिल म्हणून मिळणारे, एसटीएम३२एफ१०३सी८ या मायक्रोकंट्रोलर चिपचे तीन बोर्ड. चिपच्या कंपनीच्या क्यूब या साधनाने तयार करून दिलेला आभासी सीरियल पोर्टचा, म्हणजे सीडीसीचा कोड घेतला आणि त्यात स्वतःची एचआयडी (कीबोर्ड-माउसच्या वर्गातली) जॉयस्टिक जोडून तिला एंडपॉइंट ३ (यूएसबीवर डेटा ये-जा करण्याची क्रमांकित वाट) दिला. लिनक्सवर सीरियल झकास चालतं, जॉयस्टिकही नावासकट दिसते, पण तिचे अक्ष काहीच्या बाही आकडे दाखवतात, आणि सीरियल टर्मिनल उघडलं की त्या कचऱ्याची तऱ्हा बदलते. विंडोजवर जॉयस्टिक दिसतच नाही, नुसता कॉम पोर्ट येतो. शिवाय तीनपैकी एक बोर्ड लॅपटॉपवर चालतो, पण डेस्कटॉपवर मनात आलं तर येतो, नाही तर ‘उपकरण ओळखता आलं नाही’ म्हणून मोकळा होतो. कोड तिन्ही बोर्डांत तोच. आठवडा गेला, हात कुठे घालू?

तुमचा आठवडा गेला तो या सगळ्यामागे एकच दोष असेल असं धरल्यामुळे. मला यात तीन वेगळी दुखणी दिसतात: एक बोर्डातलं, एक डिस्क्रिप्टरमधलं (उपकरण संगणकाला स्वतःची ओळख देतं तो मजकूर) आणि एक चिपच्या आतल्या स्मृतीतलं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही.

यूएसबीत मी कोड उघडायच्या आधी एकच गोष्ट विचारतो: होस्ट, म्हणजे संगणक, नेमका कुठवर आला आणि कुठे थांबला? होस्ट ठरलेल्या क्रमानेच बोलतो. जोडणी दिसली की थोडा थांबतो, रीसेट देतो, शून्य पत्त्यावर डिव्हाइस डिस्क्रिप्टर मागतो, नवा पत्ता देतो, पुन्हा डिस्क्रिप्टर मागतो, मग कॉन्फिगरेशन, मग वर्गाच्या आज्ञा. तो कुठल्या पायरीवर अडला हे कळलं की निम्मा शोध तिथेच संपतो. लिनक्सवर कर्नलच्या संदेशांत उणे ७१ दिसला तर तारेवर किंवा घड्याळात गडबड आहे, पाकीट मोडकं येतंय. उणे ११० म्हणजे होस्टने विचारलं आणि तुमची चिप गप्प बसली. उणे ३२ म्हणजे चिप जागी आहे, पण तिने ती मागणी नाकारली. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

त्याहून चांगली सोय म्हणजे स्वतःची नोंदवही. अशा प्रत्येक मागणीच्या सुरुवातीला येणारं सेटअप पाकीट नेहमी ८ बाइटचं असतं. ते हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये ते ८ बाइट रॅममधल्या एका गोल बफरमध्ये ठेवून द्या आणि नंतर डीबगरने वाचा. त्या जागी ब्रेकपॉइंट लावू नका: चिप थांबली तरी होस्ट थांबत नाही, आणि मग तुम्ही स्वतःच तयार केलेला उणे ११० शोधत बसता. सीरियलवर छापूही नका. ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि पत्ता देण्याची आज्ञा ५० मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागते. एक लांबलचक ओळ छापलीत की मुदत संपली.

ती वही साधारण अशी दिसते, सगळे आकडे हेक्समध्ये:

८० ०६ ०० ०१ ०० ०० ४० ००
०० ०५ ०७ ०० ०० ०० ०० ००
८० ०६ ०० ०१ ०० ०० १२ ००
८० ०६ ०० ०२ ०० ०० ०९ ००
८० ०६ ०० ०२ ०० ०० ५सी ००
०० ०९ ०१ ०० ०० ०० ०० ००
२१ ०ए ०० ०० ०२ ०० ०० ००
८१ ०६ ०० २२ ०२ ०० …

मधल्या नावांच्या मागण्या मी गाळल्या आहेत. पहिली ओळ डिव्हाइस डिस्क्रिप्टरची, दुसरी ‘आजपासून तुझा पत्ता ७’, सहावी कॉन्फिगरेशन १ लागू करण्याची, शेवटच्या दोन एचआयडीच्या. तुमची जॉयस्टिक नावासकट दिसते याचा अर्थ या सगळ्या पायऱ्या पार पडल्या. म्हणजे त्या दोन बोर्डांवर तार, घड्याळ, ४८ मेगाहर्ट्‌झचं गणित आणि एंडपॉइंट शून्य यांना दोष देण्यात अर्थ नाही. ८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल नऊपट करून ७२, त्याला दीडने भागून ४८. हे चुकलं असतं तर पहिली ओळही धड आली नसती.

आता तो रुसलेला बोर्ड. याचा कोडशी काही संबंध नाही. पीए१२ (चिपची यूएसबीच्या डी-प्लस तारेची पिन) आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये आर१० नावाचा रेझिस्टर आहे, त्यावरचे आकडे भिंगाने वाचा. १५२ असेल तर १.५ किलोओहम, म्हणजे बरोबर. १०३ असेल तर १० किलोओहम, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. ब्लू पिलच्या पुष्कळ प्रतींवर हा रेझिस्टर चुकीच्या किमतीचा बसवलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाही तर ऑनलाइन मागवा, एकाच पाकिटात दोन्ही तऱ्हा निघू शकतात.

‘फुल-स्पीड उपकरण जोडलंय’ हे होस्टला कळतं ते डी-प्लसची तार वर ओढली गेल्यावर. होस्टच्या बाजूला तीच तार १५ किलोओहमने खाली ओढलेली असते. तुमच्याकडे १.५ असेल तर तारेवर ३.३ गुणिले १५ भागिले १६.५, म्हणजे ३ व्होल्ट मिळतात. तुमच्याकडे १० असेल तर ३.३ गुणिले १५ भागिले २५, म्हणजे १.९८ व्होल्ट. आणि ‘वर’ म्हणून हमखास ओळखलं जायला लागतात किमान २ व्होल्ट! नेमका उंबरठ्यावर अडकलेला पाहुणा. होस्टच्या खालच्या रेझिस्टरला १४.२५ ते २४.८ किलोओहमपर्यंत मुभा आहे, त्यामुळे लॅपटॉपमध्ये तो २० च्या आसपास असला तर तोच बोर्ड २.२ व्होल्ट दाखवतो आणि चालतो. ‘लॅपटॉपवर येतो, डेस्कटॉपवर नाही’ याचं कोडं बहुतेक एवढंच असतं.

आर१० काढून नवा बसवायला हात धजत नसेल तर पीए१२ आणि ३.३ च्या पिनांमध्ये १.८ किलोओहमचा साधा रेझिस्टर समांतर लावा. १० आणि १.८ मिळून १.५२५ होतात, पाच टक्क्यांच्या मर्यादेत बसतं. मोजताना बोर्डाची वीज बंद ठेवा. आणि हो, त्याआधी केबल एकदा बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने मलाही एका संध्याकाळी गंडवलंय, पण ती गोष्ट सांगण्यासारखी नाही.

याच रेझिस्टरचा आणखी एक जाच आहे. तो ३.३ ला कायमचा जोडलेला असतो, म्हणून तुम्ही नवा कोड फ्लॅश करून चिप रीसेट केलीत तरी होस्टच्या लेखी उपकरण निघालंच नाही; तो जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो. म्हणून यूएसबी चालू करण्याआधी पीए१२ ला साधी आउटपुट पिन करून काही मिलिसेकंद शून्यावर धरा. होस्टला वाटतं केबल काढून परत लावली. दिवसात चाळीस वेळा केबल उपटण्याचा त्रास वाचतो, आणि या बोर्डांचं मायक्रो यूएसबीचं तोंड तेवढं उपटणं फार दिवस सोसतही नाही.

विंडोजचं दुखणं डिस्क्रिप्टरमध्ये आहे. क्यूबच्या सीडीसी कोडमध्ये डिव्हाइस डिस्क्रिप्टरचा वर्ग ०२ लिहिलेला असतो: मी आख्खाच्या आख्खा सीरियल पोर्ट आहे. लिनक्स प्रत्येक इंटरफेसकडे (उपकरणातल्या एकेका कामाच्या भागाकडे) स्वतंत्र बघतो, म्हणून त्याला जॉयस्टिक सापडली. विंडोज आधी दारावरची पाटी वाचतो. पाटीवर सीरियल लिहिलंय म्हटल्यावर त्याने सगळं उपकरण सीरियलच्या ड्रायव्हरला देऊन टाकलं आणि आत दुसरं कोणी राहतं का ते विचारलंच नाही. वर्ग, उपवर्ग आणि प्रोटोकॉल अनुक्रमे ईएफ, ०२, ०१ करा, आणि सीडीसीच्या दोन इंटरफेसांच्या आधी ‘हे दोघे एका घरचे’ असं सांगणारा ८ बाइटचा इंटरफेस असोसिएशन डिस्क्रिप्टर घाला.

मग एकूण लांबी पुन्हा मोजा, बोटांवर. वरच्या वहीतल्या पाचव्या ओळीत ५सी दिसतंय, म्हणजे ९२. ते असं: कॉन्फिगरेशनचे ९, सीडीसीचे ५८, जॉयस्टिकचे २५. असोसिएशनचे ८ घातले की १००, हेक्समध्ये ६४. तो आकडा कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरच्या तिसऱ्या-चौथ्या बाइटमध्ये बदलायला विसरलात तर होस्ट ९२ च मागेल आणि जॉयस्टिकचं शेपूट कापलं जाईल. बदल केल्यावर विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधली जुनी नोंद काढून टाका किंवा पीआयडी (उत्पादन-क्रमांक) बदला, नाही तर तो जुन्या ओळखीवरच चालतो. तसाही ०४८३ आणि ५७४० हा जोडक्रमांक चिपच्या कंपनीने आपल्या सीरियल पोर्टसाठी ठेवलेला आहे. त्यावर जॉयस्टिक बसवू नये. प्रकल्प मुक्तस्रोत असेल तर १२०९ या सामायिक व्हीआयडीखाली (उत्पादक-क्रमांकाखाली) क्रमांक मागता येतो.

आता खरा मामला: कचरा. इथे तुम्ही दिलेली खूण फार मोलाची आहे. जॉयस्टिकचे आकडे टर्मिनल उघडल्यावर का बदलावेत? टर्मिनल सीरियलचं, अक्ष एचआयडीचे, एंडपॉइंट वेगळे. या दोघांत सामायिक काय? एंडपॉइंट शून्य. टर्मिनल उघडलं की होस्ट शून्यावर आज्ञा पाठवतो: वेग (बॉड) इतका, नियंत्रणाच्या रेषा अशा धरा. म्हणजे शून्यावर पडलेलं काहीतरी तिसऱ्याच्या अंगणात सांडतंय.

एफ१०३ मध्ये यूएसबीसाठी ५१२ बाइटची वेगळी पाकीट-स्मृती असते. (ती चिपमधल्या कॅन या दुसऱ्या संपर्क-भागाबरोबर सामायिक आहे, म्हणून या चिपवर यूएसबी आणि कॅन एका वेळी चालत नाहीत.) प्रत्येक एंडपॉइंटचे बफर तिच्यातच राहतात, आणि कुठला बफर कुठे आहे हे सांगणारा तक्ताही त्याच स्मृतीत राहतो. तक्त्यात प्रत्येक एंडपॉइंटला ८ बाइटची एक ओळ: पाठवायच्या बफरचा पत्ता, त्याची लांबी, घ्यायच्या बफरचा पत्ता, त्याची लांबी. जमिनीचा सातबारा त्याच जमिनीवर ठेवल्यासारखं आहे हे. नांगर कुठे फिरतो तिकडे लक्ष हवं.

क्यूबच्या कोडमध्ये बफरांची जागा ठरवणाऱ्या पीएमए-कॉन्फिगच्या (पीएमए म्हणजे हीच पाकीट-स्मृती) ओळी बघा. एंडपॉइंट शून्याचा घ्यायचा बफर हेक्स १८ वर, म्हणजे दशमानात २४ वर सुरू होतो. सीडीसीला शून्य, एक आणि दोन असे तीनच एंडपॉइंट लागतात. तीन ओळी गुणिले ८ बरोबर २४. तक्ता जिथे संपतो तिथून पहिला बफर सुरू, एक बाइटही वाया नाही. तुम्ही एंडपॉइंट ३ घेतलात. त्याची ओळ २४ ते ३१. आणि शून्याचा बफरही २४ पासूनच! येणारं प्रत्येक सेटअप पाकीट ८ बाइटचं, आणि ते पडतं नेमकं तिसऱ्या ओळीवर, इंचभरही इकडे-तिकडे नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर डीबगरमध्ये हेक्स पत्ता ४०००६०३० उघडा. पाकीट-स्मृती ४०००६००० पासून सुरू होते, पण या चिपमध्ये तिचे दर दोन बाइट प्रोसेसरला चार बाइटच्या अंतरावर दिसतात, म्हणून २४ चं ४८ होतं आणि हेक्समध्ये ३०. (यात सरळ मेमकॉपी (बाइट सलग नकलणारं फंक्शन) चालवली तर बाइटांची खिचडी होते, स्वतः ड्रायव्हर लिहिणारे सगळे एकदा तरी यात पडतात.) कॉन्फिगरेशन लागू झाल्या क्षणी तिथे तुम्ही दिलेला जॉयस्टिकचा पत्ता असतो. लगेच होस्ट एचआयडीचा रिपोर्ट डिस्क्रिप्टर मागतो, ८१ ०६ ने सुरू होणारी वहीतली शेवटची ओळ. परत बघा: तिथे ०६८१ बसलेलं असेल. तेच दोन बाइट, उलट्या क्रमाने. टर्मिनल उघडल्यावर रेषांची आज्ञा २१ २२ ने येते. ती शेवटची असेल तर तिथे २२२१. तुमची जॉयस्टिक त्या पत्त्यावरून डेटा उचलून पाठवतेय. लायब्ररी दर वेळी लांबी नव्याने लिहिते, डेटाही योग्य जागी ठेवते, पण पत्ता मात्र एंडपॉइंट उघडताना एकदाच लिहिते. म्हणून पाकिटाची लांबी बरोबर, आतला माल भलताच. आणि म्हणूनच कोणी तक्रार करत नाही: होस्टला वेळेवर, योग्य लांबीचं, अचूक सीआरसीचं (तपासणी-आकड्याचं) पाकीट मिळतंय.

दुरुस्ती पाच मिनिटांची. तक्त्याच्या आठही ओळींना, म्हणजे पहिल्या ६४ बाइटांना, हात लावायचा नाही. मग अशी मांडणी करा, सगळे आकडे दशमानात: शून्याचा घ्यायचा बफर ६४ वर, शून्याचा पाठवायचा १२८, सीरियलचा पाठवायचा १९२, सीरियलचा घ्यायचा २५६, सीरियलच्या सूचनांचा ३२०, जॉयस्टिकचा ३२८. जॉयस्टिकचा रिपोर्ट (अक्षांचे आकडे नेणारं पाकीट) ८ बाइटचा धरला तर ३३६ पर्यंत सगळं उरकतं, ५१२ मधली पुष्कळ जागा उरते. फक्त २४ चे ३२ करूनही आज चालेल, पण उद्या एंडपॉइंट ४ घ्याल आणि पुन्हा हेच पत्र लिहाल.

तक्ता दुरुस्त झाल्यावरही एखादा अक्ष सरकलेला वाटला तर रिपोर्ट आयडी (रिपोर्टचा ओळख-क्रमांक) तपासा. डिस्क्रिप्टरमध्ये आयडी लिहिला असेल तर प्रत्येक रिपोर्टचा पहिला बाइट तोच असायला हवा, नाही तर वायचा आकडा एक्समध्ये जातो.

जाता जाता माझा एक किस्सा, उद्या उत्पादनाचं नाव लांबलचक ठेवलंत तर उपयोगी पडेल. एका ग्राहकासाठी स्वतः लिहिलेला ड्रायव्हर होता, दीड वर्ष बिनबोभाट चाललेला. त्यांनी नावात एक शब्द वाढवला आणि उपकरण जोडल्यावर अडकून बसायला लागलं. मी एक अक्षर कमी केलं, चाललं. एक अक्षर वाढवलं, तरी चाललं! दोन दिवस मी बफरची मापं काढत होतो. नाव होतं ३१ अक्षरांचं. यूएसबीत नाव यूटीएफ-१६ मध्ये जातं, दर अक्षराला २ बाइट, वर शीर्षाचे २: एकूण बरोबर ६४. होस्टने मागितले होते २५५. ६४ चं भरलेलं पाकीट आलं की होस्ट समजतो, अजून येतंय. संपलं हे सांगायला पाठोपाठ शून्य लांबीचं पाकीट पाठवावं लागतं, आणि ते माझ्या कोडमध्ये नव्हतं. ३० अक्षरं असतील तर पाकीट अपुरं म्हणून होस्टला कळतं. ३२ असतील तर दुसरं पाकीट दोनच बाइटचं, तेव्हाही कळतं. क्यूबची लायब्ररी हे सांभाळते. स्वतः लिहिणाऱ्यांनी सांभाळावं.

देवनागरी नावही त्याच यूटीएफ-१६ मध्ये बसतं, फक्त मोजताना काना-मात्रा आणि हलन्त वेगळे धरा. मराठीला स्वतःचा भाषा-क्रमांकही आहे, ०४४ई. पण यादीत ०४०९, म्हणजे अमेरिकी इंग्रजीच, ठेवा आणि त्याखालीच मराठी नाव द्या.

आधी आर१० बघा, मग तक्ता हलवा, मग वर्ग बदला, आणि दर बदलानंतर वहीची एक प्रत काढून ठेवा. तिन्ही एकदम बदललंत तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. इतकं करूनही जॉयस्टिक बरळली तर ४०००६०३० पासूनचे चार आकडे आणि वहीच्या शेवटच्या दहा ओळी पाठवा.